चाळीस किलो कांदे आणि माजी मंत्री

दातुक जमहारींनी आयुष्यात चारशेच्या वर उद्घाटनं केली. पूल, बसथांबे, पाण्याच्या टाक्या, आणि एकदा तर बाजारामागचं स्वच्छतागृह. तिथं त्यांनी फीत कापली, आत डोकावले आणि बाहेर येऊन पंचवीस मिनिटं बोलले. स्वच्छतागृहावर पंचवीस मिनिटं बोलायला पुढारी जातिवंतच लागतो.

मूळचे ते मलेशियातल्या सुंगाई रंगास गावच्या शाळेत भूगोलाचे मास्तर. वडील रबराच्या झाडांना चिरा पाडून चीक गोळा करायचे. मास्तरांचा आवाज मात्र असा खणखणीत, की गावातल्या प्रत्येक लग्नात माइक त्यांच्याच हातात. "पांढरी गाडी कुणाची आहे, काढा, नवरदेव अडकलाय," एवढंसुद्धा ते असं म्हणायचे की म्हाताऱ्यांनी डोळे पुसावेत. पक्षाच्या लोकांनी तो आवाज हेरला. मास्तर खासदार झाले, उपमंत्री झाले आणि मग सात वर्षं ग्रामीण सुविधा खात्याचे मंत्री. दातुक हा किताब मिळाला, तसं गाव त्यांना नावानं हाक मारेनासं झालं. बायको रोगायाह आपोआप दातिन झाली. तिला या मानाचा एकच उपयोग झाला, बाजारात कुणी तिच्याशी घासाघीस करेना. दुकानदार सांगेल तो भाव तिनं मुकाट्यानं द्यायचा.

मंत्रिपद अंगात मुरतं. घरी मीठ मागायचं झालं तरी दातुक आधी उपस्थितांचे आभार मानत, आणि वाक्य संपलं की टाळ्यांसाठी थांबत. तेवढ्यात रोगायाह मासळीचा चांगला तुकडा आपल्या ताटात ओढून घेई.

मग गेल्या निवडणुकीत दातांच्या एका तरुण डॉक्टरणीनं त्यांना साडेतीनशे मतांनी पाडलं. गाडी गेली, सचिव गेला, दारावरचा पोलीस गेला. नवराबायको गावच्या घरी राहायला आले, आणि वर्षाच्या आत एकुलत्या एका लेकीचं, हस्नीताचं, लग्न ठरलं.

"लग्न गावातच करायचं, बाबा," ती म्हणाली. "हॉटेल नको. सगळ्यांचं होतं तसं."

सगळ्यांचं होतं तसं, इथंच तर घोडं पेंड खात होतं. सुंगाई रंगासात लग्नाचा स्वयंपाक आचारी करत नाही, गाव करतं. आदल्या दिवशी सकाळीच शेजारीपाजारी आपापली सुरी घेऊन येतात. पुरुष मांस कापतात, कढया चढवतात. बायका कांदा सोलतात आणि सोलता सोलता पंचक्रोशीतल्या माणसांचीही सालं काढतात. पण त्यासाठी यजमानानं स्वतः दारोदार जाऊन तोंडानं सांगायचं असतं. छापील पत्रिका लांबच्या पाहुण्यांना, जे नुसते जेवून जातात. राजकारणातली एकोणीस वर्षं दातुक तसेच पाहुणे होते. त्यांनी सोनेरी पत्रिका छापल्या आणि गावातल्या झाडून सगळ्या घरांना पोस्टानं पाठवल्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कृपया आठ ते अकरा या वेळेत उपस्थित राहावे.'

शनिवारी सकाळी अंगणात कसायानं सोलून ठेवलेला अख्खा रेडा होता, चाळीस किलो कांदे होते आणि मशिदीतून आणलेल्या तीन मोठ्या कढया होत्या. रविवारी आठशे माणूस जेवायला येणार होतं. आठ वाजले तरी कोंबड्यांखेरीज अंगणात कुणी फिरकलं नाही.

"माणसं कुठायत?" रोगायाहनं विचारलं.

"येतील. आठ ते अकरा दिलीय वेळ."

"अहो, ती उद्याच्या जेवणाची! कामाला कुणाला सांगितलंत?"

"पत्रिका गेल्यात की सगळ्यांना."

रोगायाहनं कपाळावर हात मारला. "शेजाऱ्यांना पत्रिका? म्हणजे तुम्ही परके, जेवा आणि चालते व्हा, असं लिहूनच दिलंत! मग रोज संध्याकाळी जात कुठं होतात? मला वाटलं, घरोघर सांगत फिरताय."

"चालायला जात होतो. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

कुंपणापलीकडून शेजारची म्हातारी माक ताम हे सगळं चवीनं ऐकत होती. "दातुक, कांदे झकास आहेत हो. सोलणार कोण?"

"माक ताम, तुम्ही जर…"

"मी? मी तर पाहुणी! सोन्याची पत्रिका आलीय मला. उद्या येते नटूनथटून." मग रोगायाहचा चेहरा बघून म्हातारी जरा निवळली. "आधी वाक तुकिमानकडं जा. तो हलला तर गाव हलेल."

चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाची कढई वाक तुकिमानच्या हातची; 'वाक' म्हणजे काका, सगळं गाव त्याला तसंच म्हणे. दातुक पोचले तेव्हा म्हातारा ओट्यावर बसून सुरीला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"वाक, सर्वप्रथम या मंगल प्रसंगी मी…"

"झालं सुरू!" वाक म्हणाला. "माझ्या पोराच्या लग्नात असाच उभा राहिलास. चाळीस मिनिटं! कशावर, तर गटारांच्या धोरणावर. माझा रस्सा गार पडला, वर चरबीचा थर धरला. नवरी बसल्या जागी पेंगली. आणि तू दोन घास खाऊन गाडीत बसलास. रात्रभर ढवळलेला रस्सा होता तो, जम."

दातुकांकडे तीन उत्तरं तयार होती. विरोधकांना ती नेहमी देत. पण डोळ्यांसमोर रिकामं अंगण आलं, मांडवात एकटी बसलेली हस्नीता आली. भीती वाटली त्यांना, निवडणुकीच्या निकालाला वाटली नव्हती एवढी.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पोरीचं लग्न आहे, वाक. मला यातलं काही येत नाही. या ना."

वाक्य संपल्यावर टाळ्यांची वाट न बघण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

वाकनं सुरीची धार अंगठ्यावर पाहिली. "तुझ्याकडं सुरी आहे?"

"नाही."

"मंत्री होता म्हणे! घरात सुरी नाही!" म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उठला. "मी येतो. पण बाकीच्यांना मी सांगणार नाही. लग्न तुझं, तोंड तुझं. जा फिर."

दातुक फिरले. प्रत्येक घरी कॉफी, आणि कॉफीबरोबर जुनी तक्रार. कुणाचा रस्ता अर्धाच झाला होता, कुणाच्या टाकीचं उद्घाटन झालं होतं पण पाणी आलं नव्हतं. दातुक खाली मान घालून ऐकत होते आणि शेवटी म्हणत होते, "या ना." चौदाव्या घरी त्यांनी कॉफीऐवजी नुसतं पाणी मागितलं. पण दुपारपर्यंत अंगण भरलं, आणि दातुकांना बायकांच्या घोळक्यात कांद्याला बसवलं. डोळ्यांतून धारा लागल्या.

"निवडणूक हरलात तेव्हा तरी इतके रडलात का?" माक तामनं विचारलं.

"तेव्हा सचिव होता रुमाल द्यायला."

बायका इतक्या हसल्या की दोन टोपल्या कांदे सांडले.

रविवारी पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले. रस्सा पुरेना, तेव्हा दुसरी कढई चढली आणि ती ढवळायला वाकनं दातुकांनाच उभं केलं. अंगात घामेजलेला बनियन, हातात वल्ह्याएवढा झारा. इतक्यात रोगायाह धावत आली.

"अहो, ती आलीय! डॉक्टरीण! उपमंत्री झालीय ती आता, बरोबर चार गाड्या आहेत. चला, शर्ट घाला! तुम्ही सामोरे गेला नाहीत तर बरं दिसेल का?"

दातुकांचा हात सवयीनं झाऱ्यावरून सुटला. मंत्र्याला फाटकात ताटकळत ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी एक पाऊल टाकलंसुद्धा.

"जा," वाक म्हणाला. "रस्सा खाली लागला तर लोकांना काय वाढशील? भाषण?"

कांदा सोलणाऱ्या बायका, मांस कापणारे, लाकडं सारणारे, सगळ्यांचे हात थांबले. दातुकांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा कढईकडे.

"तिला मांडवात बसव," ते बायकोला म्हणाले. "पोटभर जेव म्हणावं. मला इथून हलता येत नाही."

त्यांनी झारा पुन्हा धरला. शपथविधीच्या दिवशीही त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. वाकनं आपल्या खांद्यावरचा ओला पंचा काढून त्यांच्या गळ्यात टाकला.

"तळापासून ढवळ, जम," तो म्हणाला, आणि भात बघायला गेला.