दोर मोजण्यात गेलेला तास

आमची पोस्ट अठरा हजार फुटांवर होती. सात माणसं, एक बंकर, एक रेडिओ सेट. पोस्ट कमांडर मी, हवालदार, गाव अनसिंग. आता वाशीमला लोक म्हणतात, "तुमी फौजी, तुमचं डोकं कसं लगेच चालते!" ऐकून तळपायाची आग मस्तकात जाते.

तिथे हवा विरळ. डोकं कधी मंदावतं ते कळत नाही. म्हणून रोज सकाळी सात वाजता मी प्रत्येकाला शंभरातून सात-सात वजा करायला लावायचो. जो अडखळला, त्याच्यावर नजर ठेवायची. कमांडरची परीक्षा मात्र कोणी घेत नसे.

त्या दिवशी लान्स नाईक प्रल्हाद त्र्याण्णववरच थांबला. तो आमच्याच वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडचा, घरची भाजीची बागाईत. मेहनती आणि महा हट्टी.

"खाली जाय, प्रल्हाद."

"कायले, उस्ताद? खोकला हाय फक्त. मले काही नाही झालं."

अकरा चाळीसला त्याच्या थुंकीत गुलाबी फेस दिसला. फुप्फुसात पाणी. औषध एकच, ताबडतोब खाली उतरवणं. हे मला पाठ होतं. रेडिओवर खालच्या पोस्टनं विचारलं, "पेशंट कधी निघतो? ओव्हर."

"पाच मिनिटांत सांगतो. ओव्हर."

चार जण सोबत द्यावेत, तर पोस्टवर दोघंच उरतात. हेलिकॉप्टरची वाट पाहावी, तर ढग. पुन्हा चार जण. पुन्हा ढग. घाण्याच्या बैलासारखा मी तिथंच फिरत होतो. मध्येच दोर मोजायला बसलो. तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा आकडा विसरलो. हातांना काम होतं, म्हणून वाटलं, मी काहीतरी करतोय.

शेवटी माझा नंबर दोन, पहाडी नाईक, चिडून म्हणाला, "उस्ताद, रस्सी हो गई. अब हुकुम बोलो."

बारा पन्नासला हुकूम दिला. एक तास दहा मिनिटं! चौघं त्याला घेऊन निघाले. खालच्या पोस्टपासून अर्ध्या तासावर प्रल्हाद गेला.

बटालियनच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. ऑक्सिजन कमी, दहा दिवस धड झोप नाही, वर जबाबदारी. अशा वेळी आधी निर्णय घेणंच सुटतं आणि माणसाला वाटत राहतं, आपण विचार करतोय. पटलं. पण कारण कळलं म्हणून तो तास परत येतो का?

रिटायर झाल्यावर त्याच्या घरी गेलो. त्याची आई मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होती.

ती म्हणाली, "दुखलं तरी सांगाची सवयच नव्हती त्याले. तुले तरी कसं समजन, बापू?"

माफ करून मोकळी झाली. मला ती माफी सहन होईना.

"समजलं होतं, माय. वेळेवर ठरवता नाही आलं."

तिचे हात थांबले. जुडी खाली ठेवून ती म्हणाली,

"मंग हेच सांगत जाय लोकायले. अन् त्याचं नाव घिऊन सांगत जाय."

म्हणून सांगतो. सांगताना अजून स्वतःची चीड येते, तरी सांगतो. लान्स नाईक प्रल्हाद, वय सव्वीस, त्या पोस्टवरचा सगळ्यात चांगला माणूस.