जोतिबाच्या तसबिरीमागचा मीटर

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, जोतिबाच्या डोंगरावर देवळाच्या पायरीवर गेले. छातीत कळ आली, खाली बसले आणि तिथंच जीव सोडला. रविवार होता, आणि अण्णांनी रविवारची डोंगराची फेरी कधी चुकवलेली मला आठवत नाही. मातीला आलेला जो तो मला एकच सांगत होता, देवाच्या दारात मरण आलं, केवढं भाग्य. एकेकाच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती. दारात आलेल्या माणसाला आपण पाणी तरी विचारतो. या देवानं दारातच जीव घेतला आणि वर लोकांकडून स्वतःचं कौतुक करून घेतलं. त्या दिवसापासून माझं त्याच्याशी बोलणं बंद झालं. डोंगर सोडला, 'चांगभलं' म्हणायचंही सोडलं.

अण्णांमागे राहिलं वहिनींचं घर, माझं घर आणि एक म्हातारा ट्रक. शाहूपुरीच्या गूळबाजारातून ढेपा भरायच्या, रत्नागिरीला उतरवायच्या, येताना मिळेल तो माल आणायचा. दोन्ही घरच्या चुली त्या एका इंजिनावर पेटत होत्या. ते इंजिन बसलं असतं तर गाडी भंगारात गेली असती आणि मी दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर झालो असतो. गाडीत डॅशबोर्डावर अण्णांनी जोतिबाची तसबीर स्क्रूनं पक्की बसवलेली होती. प्रत्येक खेपेआधी वहिनी केबिनमध्ये चढायच्या, तसबिरीला गुलाल लावायच्या आणि ओठ हलवत कितीतरी वेळ बसून राहायच्या. मी खाली उभा राहून चडफडत असायचो. नवरा नेला, तरी या बाईची भक्ती काही आटत नाही, असं मनात यायचं.

एका सकाळी मला ते सहन झालं नाही. मी पान्हेपेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला, वर चढलो आणि वहिनींच्या देखत तसबीर काढून त्यांच्या हातात दिली. यापुढे हा घरात राहील, माझ्या गाडीत नको, असं सांगितलं. वहिनी तसबीर होती त्या जागेकडे बघत होत्या. तिथं काचेचा एक गोल मीटर होता. इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा ऑइल मीटर. काटा शून्यावर पडलेला.

वर्षानुवर्षं त्या गाडीच्या दुसऱ्या सीटवर बसलो, पण तसबिरीमागं मीटर आहे हे मला माहीत नव्हतं. वहिनींना होतं. त्यांच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत इंजिनापासून मीटरपर्यंत येणारी बारीक नळी फुटली आणि तापलेलं तेल अण्णांच्या पायावर सांडलं. मिस्त्रीनं नळी कापून तोंड ठोकून बंद केलं. मग राहिला तो मेलेला काटा. "रोज सकाळी शून्याचं तोंड कशाला बघायचं, म्हणालते," वहिनींनी सांगितलं. "देव बसवतो, त्यो बघंल तेल, म्हणालते."

मला हसूही आलं आणि गहिवरूनही आलं. एक नळी आणि दोन पान्ह्यांच्या उचापतीनं मीटर सुरू झाला असता, तर आमच्या अण्णांनी देवालाच कामाला लावलं होतं. आता तो उघडा पडलेला मीटर आणि त्याचा मेलेला काटा समोर घेऊन मला गाडी हाकवेना. शाहूपुरीतल्या दुकानातून नळी आणली. एक टोक इंजिनाला, दुसरं मीटरच्या मागं. पितळी नट आधी हातानं बसवले, मग पान्ह्यानं बेतानं आवळले. गाडी सुरू केली. काटा जरा थरथरला आणि हळूहळू वर चढला. मी वहिनींना बोलावून दाखवला. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि आत गेल्या.

त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला, मलकापूरच्या पुढं, भरल्या गाडीचा काटा वळणावर खाली आला. सरळ रस्त्याला पुन्हा वर गेला. पुढच्या वळणावर तो शून्याकडे घसरला, तशी मी गाडी कडेला घेऊन बंद केली. खाली वाकून बघितलं तर इंजिनाच्या तळच्या तेलाच्या चेंबरचा नट ढिला होऊन तेलाची धार लागली होती. आणखी थोडं पुढं गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं. मागून उसाचा एक ट्रॅक्टर येत होता, तो हात न करताच थांबला. ट्रॅक्टरवाला माझ्यासोबत गाडीखाली आला, नट आवळला, स्वतःचा तेलाचा कॅन माझ्या इंजिनात रिकामा केला आणि पैसे घ्यायला तयार होईना.

"पावणं, येळंवर थांबलासा," तो म्हणाला. "कोणतरी बघतंय तुमच्याकडं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडं बघतंय, मग माझ्या भावाकडं का न्हाई बघितलं?"

"त्ये मला इचारू नगा," तो हात पुसत म्हणाला. "ज्याला इचारायचं त्याच्याकडं जावा की."

ज्यानं जन्मभर गुलाल उधळला तो पायरीवर गेला, आणि ज्यानं देवाला गाडीतून उतरवलं त्याचं इंजिन वाचलं. हा कुठला न्याय, ते मला आजही कळलेलं नाही. योगायोग म्हणायचा तर म्हणा, मी वाद घालणार नाही. पण त्या माणसाचं बोलणं डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन मी डोंगरावर गेलो. अण्णा बसले होते त्या पायरीशी माझे पाय अडकले. मी वहिनींना सांगितलं, मी आभार मानायला आलोय, पण आत गेलो की माझ्याकडून भांडणच होईल.

"मग भांडा की, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दर खेपेला गाडीत चढून माझं दुसरं काय चालायचं? तुम्हांला काय आरती वाटली व्हय?"

इतके दिवस ज्या बाईच्या भक्तीवर मी जळत होतो, ती माझ्याहून जास्त संतापलेली होती, आणि तरी एक दिवसही तिनं बोलणं तोडलं नव्हतं. मी मात्र अबोला धरून आपण फार ताठ कण्याचे आहोत असं समजत होतो.

रांगेतून आत गेलो. इंजिन वाचलं, दोन घरं तगली, त्याबद्दल मनापासून आभार मानले. मग अण्णांना का नेलंस, ते विचारलं. अर्पण करायला माझ्याजवळ राग सोडून दुसरं काही नव्हतं, तोच त्याच्या पायाशी ठेवला आणि डोकं टेकवलं. मागचे लोक ढकलत होते, तरी मला उठवेना. अण्णा गेल्यावर मी रडलो नव्हतो, ते तिथं रडलो.