कालची मूठ, आजचं रबर

स्क्रूड्रायव्हरच्या कडक प्लॅस्टिकच्या मुठीवर मऊ रबर चढवायचं, एवढंच आमचं काम. मुळशीतल्या त्या कारखान्यात आम्ही सगळ्याच कंत्राटी. एका मशीनमधून मूठ निघायची, ती दुसऱ्या मशीनच्या साच्यात ठेवायची, वर वितळलेलं रबर यायचं. गोंद नाही, खिळा नाही. तरी दोन्ही एकजीव! मला त्याचं रोज नवल वाटायचं.

त्या थंडीत रिहे गावच्या मावशींच्या मुठींवरचं रबर केळ्याच्या सालीसारखं सोलून निघायला लागलं. ठेकेदारानं जाहीर केलं, "म्हातारी डोक्याला तेल थापून येते, तेच हाताला लागतं. उद्यापासून नको." माझं टाळकं सरकलं. गरिबाच्या केसातलं तेलसुद्धा यांना खुपतं! आमच्या कामगार संघटनेनं फाटकावर वाटायच्या पत्रकाचा मथळाही मी तिथंच मोठ्यानं सांगून टाकला.

आमचा सुपरवायझर लातूरकडचा. तो म्हणाला, "पत्रक नंतर छापा. मावशी, साबणानं हात धुऊन या. मी बघतो."

धुतले. रबर तरी निघालंच.

"बघा! तेल न्हाई नि बिल न्हाई," मावशी कडाडल्या.

तो तिथंच उभा राहून त्यांचे हात बघत राहिला. मग म्हणाला, "ताज्या मुठी समोर पडल्यात. त्या सोडून क्रेटमधल्या कालच्या का घेता?"

"आता गं बया! कालची भाकरी आधी संपवायची, का ताजी मोडायची?"

तो हसला नाही. नुकतीच पडलेली, हाताला ऊन लागणारी मूठ त्यानं साच्यात ठेवली. बाहेर आल्यावर रबराचं टोक पक्कडीनं ओढलं. रबर ताणलं, फाटलं, पण मूठ सोडली नाही. आमच्या संघटनेत अशी चार माणसं हवी होती!

"गार मुठीवर रबर नुसतं टेकतं," तो म्हणाला. "धरत नाही."

"मग असं सांगा की. मेंढरांचं तसंच हाय. ऊन-ओलं कोकरू दुसरीचं असलं तरी मेंढी अंगाला घेती. गार पडलं की ढुशी देती."

ठेकेदार आला. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "मावशी उद्या येतील. कालच्या मुठी आधी तापवून घ्यायच्या, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं."

साहेब माणसाच्या तोंडून असलं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

मावशींनी त्याला कोपरानं बाजूला सारलं. "सरा साहेब. बोलत बसलात, माझ्या ताज्या मुठी गार व्हायला लागल्यात."