तिघींना चालेल असा देश

आमचे पासपोर्ट आधी आले आणि देश नंतर ठरला. हे सांगितलं की लोक हसतात, पण झालं ते असंच.

नगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आणि माझी मैत्रीण बावीस वर्षं शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवत होतो. मधली भिंत इतकी पातळ, की माझा भूगोल तिच्या मुलांना पाठ व्हायचा आणि तिच्या कविता माझ्या मुलांना. आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. निरोप समारंभात दोघींना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्या संध्याकाळी माझ्या अंगणात चहा पिताना ती म्हणाली, "वेळ बघायला घड्याळ दिलं, पण आता वेळेवर जायला शाळाच नाही. कुठंतरी जाऊ या का? लांब?"

"किती लांब?"

"विमानानंच जावं लागेल इतकं."

माझी मोठी जाऊ शेजारीच तूर पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी बी येनार."

जाऊबाईंना मी अक्का म्हणते. चौथीपर्यंत शिकलेल्या, जन्म शेतात गेलेला, माहेर आणि सासर यांत सात-आठ मैलांचं अंतर. आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास तुळजापूरचा. दीर म्हणाले, "अगं, गुडघे दुखत्यात ना तुझे?" त्यावर अक्का म्हणाल्या, "इमानात बसूनच जायचं हाय, चालत थोडंच?" विषय तिथंच मिटला.

पासपोर्टसाठी चौकशीला हवालदार घरी आले. तिघींचे कागद एकदम तपासले आणि विचारलं, "कुठल्या देशात चाललात?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

"मग पासपोर्ट कशाला काढताय?"

अक्काच पुढं झाल्या. "पोरीचं लगीन ठरायच्या आधी लोक सोनं करून ठिवत्यात ना? तसंच ह्ये." हवालदार हसले, चहा घेतला आणि सह्या करून गेले.

खरी कसरत त्यानंतर सुरू झाली. पुण्याला राहणारा माझा मुलगा म्हणाला, दुबईला जा, स्वच्छ आहे, सोपं आहे. मुलानं फोनवर दाखवलेले वाळवंटातल्या गाड्यांचे व्हिडिओ अक्कांनी पूर्ण पाहिले आणि विचारलं, "वाळू बघाया इमानानं जायचं? आपल्या सीना नदीत हाय की." दुबई बाद झाली.

एका दुपारी मी शाळेतून पृथ्वीचा जुना गोल मागून आणला. जग समोर असलं की ठरवायला सोपं जाईल, असं मला वाटलं. अक्कांनी तो तीन-चार वेळा फिरवला.

"ह्येच्यात आपलं गाव कुटं हाय?"

"एवढ्या लहान गोलावर गाव दिसत नाही, अक्का."

"नगर?"

"तेही नाही."

"मंग ज्येच्यावर आपलंच गाव न्हाई, त्येच्यावर इस्वास कसा ठिवायचा?" असं म्हणून त्या गोठ्याकडं गेल्या.

नगरला एका प्रवासी कंपनीच्या ऑफिसात जाऊन आलो. काउंटरवरच्या तरुण मुलीनं फार आपुलकीनं माहिती दिली. सात दिवसांत तीन देश, रोज सकाळी साडेसहाला तयार राहायचं, जेवण आपलंच मिळेल, भाजी-आमटी-भात. "सात दिसात तीन देश?" अक्का म्हणाल्या. "बाई, आमचा सिंगनापूरला जाऊन यायला अख्खा दिस जातोय." मुलगी हसून म्हणाली, "काकू, तिथले रस्ते चांगले आहेत." आम्ही रंगीत माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन परत आलो आणि गोंधळ होता तेवढाच राहिला.

मग मैत्रिणीनंच शहाणपणाची गोष्ट काढली. "आधी भंडारदऱ्याला दोन दिवस जाऊ. तिघींचं एका खोलीत जमतं का ते तरी कळेल. नाहीतर परदेशात जाऊन भांडू."

पाऊस नुकताच उघडला होता. संध्याकाळी धरणाच्या कडेला एका घरगुती ठिकाणी उतरलो. जमतं का याचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. अक्का पहाटे चारला उठल्या आणि यजमानांचं अंगण झाडून, सडा टाकून मोकळ्या झाल्या. घरातली सूनबाई उठून बाहेर आली ती घाबरूनच गेली. "आजी, तुम्ही पाहुण्या आहात!" "मंग काय झालं? पाव्हन्याचे हात काय बांधून ठिवत्यात?" मी दोन दिवसांचं वेळापत्रक लिहून आणलं होतं आणि दर तासाला ते वाचून दाखवत होते. मैत्रीण पाण्याकडं तोंड करून बसली ती बसलीच. माझा रंधा धबधबा तिच्यामुळं राहिला. पण भांडण म्हणावं असं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना मी पिशवीतून कागद काढला. देशांचा तक्ता होता. बाजूला पाच देशांची नावं, वर रकाने, प्रत्येकाला ठरावीक गुण. शाळेत आयुष्यभर हेच केलेलं. मी जाहीर केलं, "निकाल लागला आहे. इंडोनेशिया पहिला."

आता खरं सांगते. मला ज्वालामुखी बघायचा होता. दरवर्षी मी फळ्यावर लाल खडूनं ज्वालामुखी काढायचे, आत शिलारस, वर धूर. मुलांना सांगायचे, आपल्या शेतातला काळा दगड अशाच लाव्ह्याचा झालाय. आणि दरवर्षी एखादं पोर विचारायचंच, "बाई, तुम्ही बघितलाय?" नाही म्हणताना मला शाळेचं इन्स्पेक्शन चालू असल्यासारखं वाटायचं. मैत्रिणीला श्रीलंकेत अनुराधपूरला जायचं होतं, तिथल्या बोधिवृक्षापाशी. हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं. तक्त्यात श्रीलंका चौथी आली होती.

अक्कांनी कागद हातात घेतला. बोट ठेवत ठेवत वाचू लागल्या. त्यांना वाचायला वेळ लागतो, पण एक अक्षर सुटत नाही.

"निसर्ग, धा मार्क. डोंगर, धा मार्क. ज्वालामुखी, धा मार्क. ह्ये तिन्ही एकच झालं की गं."

"तसं नाही, अक्का..."

"आन् देवस्थानं पाच मार्कालाच?" त्यांनी कागदावरून मान वर केली. "तू पेपर बी काढतीस, तपासतीस बी, आन् पयला नंबर बी तुझाच."

यजमानांची सून ताटं उचलायला आली होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली. मी हसले, पण कान तापले होते. चोरी पकडली गेली होती, तीसुद्धा चौथी शिकलेल्या बाईकडून.

मैत्रिणीनं कागद आपल्याकडं ओढला. शेवटी शेऱ्यांचा रकाना होता. श्रीलंकेपुढं मी लिहिलं होतं, 'जवळच आहे, नंतर कधीही होईल.' तिनं ते मोठ्यानं वाचलं. मग कागद घडी करून ताटाखाली ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"मी आईला हेच म्हणाले होते," ती म्हणाली.

तिच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतलेली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात एका कॅलेंडरवर अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं चित्र होतं. वर्ष संपलं तरी आईनं ते टाकलं नाही. चित्र कापून भिंतीला खळीनं चिकटवलं. दर वैशाख पौर्णिमेला त्यापुढं मेणबत्ती लावायची. कुणाकडून तरी तिनं ऐकलं होतं, की गयेच्या झाडाची फांदी राजाच्या लेकीनं स्वतः समुद्रापलीकडं नेली आणि ती तिथं रुजली. राजाची लेक फांदी घेऊन एवढ्या लांब गेली, याचं आईला फार नवल.

"मी नुकती नोकरीला लागले होते. वह्या तपासत बसले होते. आईनं विचारलं, 'ते झाड किती लांब असंल गं?' मी मानही वर केली नाही. म्हणाले, 'जवळच आहे आई, नंतर कधीही जाऊ.' ती बरं म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही."

ती रडली वगैरे नाही. पोहे गार झाले म्हणाली आणि खाऊ लागली.

"मग श्रीलंका," मी म्हणाले.

"आन् मला कुनी इचारनार हाय का न्हाई?" अक्का म्हणाल्या.

सहा महिने देश निवडत होतो आणि अक्कांना काय बघायचंय हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. तक्त्यातसुद्धा त्यांच्यासाठी मी एकच रकाना ठेवला होता: गुडघ्यांना त्रास.

"सांगा ना अक्का. काय बघायचंय?"

"बघायचं काय बी न्हाई. जिथं मला कुनी वळखत न्हाई, अशा गावात येकदा फिरायचं हाय. सोळाव्या वर्साला लगीन हून आले. तवापासनं घराबाहेर पाय टाकला की हाय ते, 'कुटं चालल्या काकू?' दळनाला चालले, शेतात चालले, दवाखान्यात चालले. पन्नास वर्सं जबाब देतीया मी. येक दिस तरी कुनी इचारू न्हाई." त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं. "म्हंजी मला कुटला बी देश चालतोय. हिच्या आईच्या झाडाला जाऊ."

असा आमचा देश ठरला. मी फार मोठ्या मनानं ज्वालामुखी सोडला असं नाही. घरी आल्यावर दोन दिवस घुश्श्यातच होते. तिसऱ्या दिवशी बॅगा काढल्या.

फेब्रुवारीत आम्ही मुंबईहून कोलंबोला गेलो. विमान उडताना अक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी मनगटात रुतली. वर गेल्यावर मात्र त्या खिडकीशी अशा बसल्या, जणू जन्मभर हेच करत आल्यात.

अनुराधपूरला बोधिवृक्षापाशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं ताटांत कमळं घेऊन रांगेत उभी होती. एका म्हाताऱ्या बाईनं आम्हाला हातानंच बोलावलं, स्वतःची चटई सरकवली आणि आपल्या ताटातली तीन फुलं आम्हाला दिली. मैत्रिणीनं फूल ठेवलं, हात जोडले आणि पुटपुटली, "आई, लांब नव्हतं गं." मग ती बसली. या वेळी मी वेळापत्रक पिशवीतच ठेवलं. केव्हा उठलो ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर अक्कांची खाट रिकामी. ना भाषा, ना फोन, ना पत्ता. भाड्यानं घेतलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला घेऊन शोधायला निघालो, तर गावाबाहेरच्या तलावाच्या बांधावर त्या सापडल्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायांत माझ्या मुलानं दिलेले पांढरे बूट, हातात कुणीतरी दिलेलं केळं.

"अक्का! सांगून तरी जायचं!"

"सांगून गेले असते तर मंग कशाला आले असते हितं?"

"कुणी ओळखलं तर नाही ना?" मैत्रिणीनं विचारलं.

"वळखलं न्हाई, पन बघत हुते की समदे. लुगड्याकडं बघून हसायचे, काय बाय इचारायचे." त्यांनी केळं सोललं. "कुटं चालल्या काकू, असंच इचारलं असंल. मला काय कळलं न्हाई. म्या बी मराठीतच सांगितलं, काय बी काम न्हाई, हिंडतीया."

आम्ही तिथंच बांधावर बसलो. समोर नजर पोचेपर्यंत पाणी. ड्रायव्हर इंग्रजीत म्हणाला, या भागात पाऊस कमीच. म्हणून जुन्या राजांनी हे तलाव बांधले, हा दोन हजार वर्षांहून जुना आहे. मी अक्कांना ते मराठीत सांगितलं. आमच्याकडचे पाझर तलाव त्यांनी डोळ्यांदेखत गाळानं बुजताना पाहिलेत.

"त्येला इचार," त्या म्हणाल्या, "दोन हजार वर्सं ह्येच्यातला गाळ कोन काढतंय?"

मी विचारलं. ड्रायव्हरला ते माहीत नव्हतं. आजवर कुठल्या पर्यटकानं त्याला हे विचारलं नव्हतं, म्हणाला. त्यानं तिथूनच गावी आपल्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. वडील शेतकरी. ते सिंहलीत सांगत होते, मुलगा इंग्रजीत आणि मी मराठीत. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की अख्खं गाव उतरायचं आणि गाळ आपापल्या शेतात न्यायचं, आता मशीन येतं. अक्का म्हणाल्या, "मशीन कवा येतं, पेरनीच्या आधी का मागनं?" पुन्हा फोन. मग अक्कांनी विचारलं, बांधावर झाडं कुठली लावतात, पाण्याच्या पाळ्या कोण ठरवतं, वरच्या शेताला आधी की खालच्या. पलीकडून म्हातारबांचा हसण्याचा आवाज आला. त्यांनीही उलट एक प्रश्न पाठवला: या बाईंची जमीन किती, आणि पीक काय घेतात? अक्का फोनजवळ सरकल्या आणि माझी वाट न बघता मराठीतच सांगू लागल्या.