अक्काच्या तीन चकत्या आणि माझा डावा हात

आज अक्काच्या पुण्यतिथीला सकाळी मी तिच्या फोटोला डाव्या हातानं फूल वाहिलं.

ज्यांना हे चालत नसेल त्यांनी मला खुशाल अनफ्रेंड करावं.

अक्का म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. अप्पा अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही अक्काच म्हणत आलो. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची, राहायला धारवाडला आमच्याच घरी. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि मी डावरी.

अप्पा वकील. त्यांच्या कोर्टात डाव्या हाताला जामीन नव्हता. डाव्यात पेन दिसलं की बोटांवर पट्टी. डाव्यानं प्रसाद घेतला की "एडगै! एडगै!", डावा हात, डावा हात, म्हणून कन्नडमध्ये ओरडा.

उजव्या हातानं माझं अक्षर इतकं घाण यायचं की चौथीत बाईंनी मला मंद ठरवून टाकलं. मलाही ते पटलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या काकूंचा मुलगा अमेरिकेहून आला आणि अक्काला तीन प्लास्टिकच्या चकत्या देऊन गेला. डिस्क गोल्फच्या. तिकडे म्हणे बॉलऐवजी ह्या फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकतात.

आमच्याकडे कुठली टोपली? घराजवळच्या मैदानाच्या कडेचं कडुनिंबाचं झाड, तीच टोपली.

सोबत माहितीचा एक कागद होता, तीन चकत्यांच्या तीन जाती सांगणारा. ओव्हरस्टेबल, स्टेबल, अंडरस्टेबल. अक्कानं तो पेपर तपासावा तसा वाचला आणि रविवारी सकाळी मला शिकवायला घेतलं.

"ओव्हरस्टेबल म्हणजे तुझे अप्पा. समोरून कितीही वारं येऊ दे, हलणार नाहीत. जोर संपला की ठरल्याप्रमाणे डावीकडेच पडणार."

"आणि अंडरस्टेबल?"

"तुझा सदूकाका. जरा जोर लावला की उजवीकडे भरकटला."

"मग स्टेबल कोण?"

"सरळ जाणारं आपल्या घरात कुणी नाही."

ती फेकायची तेव्हा अगदी कागदाबरहुकूम व्हायचं. फक्त चकती जेमतेम वीस पावलं जायची.

पुढच्या रविवारी अप्पाही आले. मी उत्साहाच्या भरात ओव्हरस्टेबल उचलली आणि डाव्यानंच फेकली.

अक्काच्या दुप्पट लांब गेली. आणि शेवटी वळली उजवीकडे.

अप्पांनी कागद पुढे केला. "बघितलंस? इथं डावीकडे पडते असं लिहिलंय. डाव्या हातानं सगळं उलटंच होणार. साकु आता, पुरे."

माझा हात आपोआप पाठीमागे गेला.

अक्का हवेतच हात फिरवून बघत होती. आधी उजवा. मग डावा. मग पुन्हा उजवा.

"कागद अर्धा आहे," ती म्हणाली. "उजव्यानं फेकली की चकती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते, म्हणून डावीकडे पडते. डाव्यानं उलटी फिरते, म्हणून उजवीकडे. चकतीत खोट नाही. पोरीच्या हातात तर नाहीच नाही. लिहिणाऱ्यानं डावरी माणसं धरलीच नाहीत."

"अक्का, पण रीत म्हणून काही..."

तिनं पदर खोचला. चकती डाव्या हातात घेतली. फेकली.

झाडाच्या पार पलीकडे गेली.

"तुला डाव्यानं येतं?" मी ओरडलेच.

"येत होतं. सात वर्षांची होते तोवर. मग वर्षभर हा हात लुगड्याच्या काठानं पाठीशी बांधून ठेवला होता. तुझे अप्पा पाळण्यात होते, त्यांना कसं माहीत असणार?"

मग अप्पांकडे वळून, "बाळ्या, आजपासून ह्या पोरीचा हात कुणी अडवायचा नाही. अडवायचा असेल तर आधी माझा बांध."

धारवाडच्या कोर्टात ज्यांच्यापुढे भलेभले चळचळ कापायचे ते अप्पा निमूटपणे झाडापलीकडे गेले आणि चकती घेऊन आले.

सोमवारपासून मी डाव्यानं लिहायला लागले. सहामाहीला त्याच बाईंनी माझी वही वर्गात फिरवली.

अक्काही भाजी डाव्यानं चिरायला लागली. मुद्दाम, अप्पांसमोर बसून.

आज मी सर्जन आहे. ह्याच हातानं टाके घालते. अजून एकाही पेशंटनं "दुसऱ्या हातानं घाला" म्हटलेलं नाही.

अक्का जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचा राग मात्र माझ्याकडे आहे, आणि मी तो सोडणार नाही. बांधलेल्या प्रत्येक हाताबद्दलचा राग. संस्कार म्हणून खपवलात तरी ती बांधणूकच होती.

सकाळी फूल वाहताना भटजी म्हणाले, "ताई, उजवा, उजवा."

मी काही बोलायच्या आत सत्तरी ओलांडलेले अप्पा उठले. फुलांचं तबक उचललं आणि माझ्या डाव्या बाजूला आणून ठेवलं.

अक्का, बघितलंस ना?

शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहायची पद्धत आहे. लिहिली.

डाव्या हातानं.