डोक्याशी कोणी नव्हतं

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बी.कॉम. झालो, नाशिकला नोकरी धरली आणि दहावीनंतर धाकट्या बहिणीला गावाहून माझ्या खोलीवर आणलं. तिला वजन उचलायचं होतं, स्पर्धेत उतरायचं होतं. गावात लोक हसले. म्हटलं, हसू द्या, मी शिकलेला माणूस आहे. पंचवटीतल्या एका जिममध्ये तिचं नाव घातलं आणि रोज संध्याकाळी सोबत जाऊ लागलो.

जिमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरीचं वय सोळा. बेंचवर झोपून वजनाचा बार उचलायला लागली की डोक्याशी सपोर्टला कोणीतरी पाहिजेच."

पण तिथं सगळी पोरंच. बहिणीवर वाकून त्यांनी उभं राहायचं? मला त्यातलं काही येत नव्हतं, आणि येत नाही हे सांगायची लाज वाटली. मग मी पोरांनाच बजावलं, "ती बेंचवर असली की तिकडं फिरकायचं नाही. बघायचंसुद्धा नाही." पोरं चांगली होती, माना खाली घालायची. मी तिच्याकडं पाठ करून दाराशी बसायचो, पोरांवर नजर ठेवून. याला मी संस्कार समजत होतो.

एरवी सर स्वतः तिच्या डोक्याशी उभे राहायचे, पण त्या दिवशी ते बाहेर गेले होते. एक पोरगा जवळ येऊन पुटपुटला, "भाऊ, ताईकडं जरा..."

"तुला काय सांगितलंय रे? तू तुझं डंबेल बघ."

तो हलला नाही. "शिव्या द्या पाहिजे तर. पण बघा तरी!"

मी वळलो. बार छातीवरून तिच्या गळ्याकडं सरकला होता. वजनाच्या प्लेटा निसटू नयेत म्हणून दोन्हीकडं क्लिपा लावलेल्या, त्यामुळं बार कलता करून त्या पाडायचीही सोय नव्हती. तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या. मी धावलो, बार धरला. तो मला इंचभरही हलेना.

"अरे या रे! कोणीतरी या!"

तरीही पोरं क्षणभर माझ्या तोंडाकडं बघत थांबली. मग दोघांनी झेप घेऊन बार उचलला.

दवाखान्यात एक्स-रेसाठी बसलो होतो. श्वास घेताना ती कळवळत होती.

"छातीवर आला तेव्हाच ओरडली का नाहीस गं?"

"ओरडले असते तर पोरं धावली असती." ती थांबली, दम घेतला. "मग तू जिमच बंद केलं असतंस, दादा."

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. "बास झालं आता. उद्याच्या गाडीनं पोरीला घेऊन ये."

"आप्पा, तिची चूक नाही. माझी आहे."

"कुणाची का असंना. आणतोस ना?"

ती ऐकत होती. माझ्याच्यानं 'हो' म्हणवेना, आणि 'नाही' म्हणायला तोंड उरलं नव्हतं. तिकडून आप्पा 'हॅलो, हॅलो' करत होते.