किती उभा चढ

कारखान्यात सगळे तिला तोंडावर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘खोडरबर’. तिच्या टेबलावर गेलेलं ड्रॉइंग जसंच्या तसं परत आलं, असं सहसा होत नसे. बाटल्यांना झाकणं बसवणाऱ्या यंत्रात एक पोलादी चकती असते, कॅम. ती फिरता फिरता दांडा वर-खाली ढकलते. त्या चकत्यांचे वक्र तपासण्यात ताईची बावीस वर्षं गेली होती.

त्याआधी ती गणितात पीएचडी करत होती. प्रश्न असा, की बहुपदी एका ठरलेल्या पट्ट्याबाहेर जात नसेल, तर पट्ट्यातल्या पट्ट्यात ती जास्तीत जास्त किती उभी चढू शकते? याचं मूळ उत्तर जुनंच होतं; ती त्याच्या एका न सुटलेल्या रूपावर काम करत होती. बहुपदीतल्या सर्वांत मोठ्या घाताला कोटी म्हणतात; घरी ‘बारा कोटीची बहुपदी’ असं काही बोललं की आई विचारायची, “एवढे कोटी कुणाचे गं?” मग आईच अंथरुणाला खिळली आणि प्रबंध राहिला तो राहिलाच.

एकदा नव्या इंजिनिअरने कॅमचा पाच कोटीचा जुना वक्र काढून बारा कोटीचा बसवला.

“फरक कुठेही मिलिमीटरच्या शंभराव्या भागापलीकडे नाही,” तो खुशीत म्हणाला.

“चढ पाहिलात?”

“उंची इतकी जुळली, तर चढही जुळणारच की.”

“तसं नसतं. फरक इवलासा राहूनही थयथयाट करू शकतो. अर्धी लांबी एक धरा. ऐन मध्यावर त्याचा चढ फार तर त्याच्या उंचीच्या बारापट. टोकाला मात्र बाराचा वर्ग, एकशेचव्वेचाळीस पट.”

“पण ही कमाल मर्यादा झाली. तितकं होईलच असं कुठेय?”

“नाहीच. म्हणून तर आधी टोकं बघायची.”

बघितली. तिथे चढ एकशेदहा पट निघाला. दांड्याला प्रत्येक फेरीत हिसका बसला असता. चकती कापायला गेली होती; त्याने स्वतः धावत जाऊन काम थांबवलं.

दुपारी चहाला त्याने विचारलं, “प्रबंध पुरा का नाही करत?”

“माझा प्रश्न दुसऱ्याने सोडवला. अकरा वर्षं झाली. ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचलं मी.”

“वाईट वाटलं असेल.”

“दोन दिवस घास उतरला नाही. मग पुन्हा वाचायला घेतलं. सिद्धता सुरेख होती, एक पायरी तेवढी उगाच लांबवलेली. तसं पत्र टाकलं त्यांना.”

“मग?”

“बरोबर आहे म्हणाले,” ती म्हणाली, आणि कप ठेवून पुढचं ड्रॉइंग ओढून घेतलं.